कूर्माचे कवच आणि स्थितप्रज्ञाचा दृष्टान्त

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाने स्थितप्रज्ञाची लक्षणे विचारली, आणि उत्तर देता देता भगवंतांनी अठ्ठावन्नाव्या श्लोकात कासवाचा दृष्टान्त दिला. कासव ज्याप्रमाणे आपले अवयव सर्व बाजूंनी आत ओढून घेते, त्याप्रमाणे जो आपली इंद्रिये विषयांपासून आवरून घेतो त्याची बुद्धी स्थिर झाली, असा त्या श्लोकाचा सरळ अर्थ आहे. गीतेचे नित्यपठण ज्या घरांत चालते तेथे हा श्लोक लहान मुलांनाही तोंडपाठ असतो. महाराष्ट्रातील देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव बसविलेले असते. जेजुरीच्या गडावर खंडोबापुढे तर पितळी पत्र्याने मढविलेले भले मोठे कासव आहे. देवाकडे पाहण्यापूर्वी इंद्रिये आवरून घ्यावीत याची ती खूण आहे, असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत.

दृष्टान्त इतका ओळखीचा झाला की त्याकडे निरखून पाहणे सुटते. चाळीस वर्षे संसार केलेला, मुले मार्गी लागलेली, नोकरीतून वा दुकानातून मोकळा झालेला एखादा गृहस्थ पहाटे उठून स्नानसंध्या करतो, गीतेचे पारायण करतो, माळ ओढतो. पत्नीला सांधेदुखीने जिना उतरवत नाही, ती आतून हाक मारते, ती त्याला ऐकू येत नाही. लेकीचे सासरहून पत्र येते, ते दोन दिवस तसेच पडून राहते. कोणी विचारले तर तो शांतपणे म्हणतो, “मी आता कासव झालो आहे.” शेजारी त्याला विरक्त म्हणतात. घरातली माणसे मात्र त्याच्याशी बोलताना दगडावर हात आपटावा तशी बोलतात आणि गप्प होतात. या गृहस्थाला हसणे सोपे आहे; पण तो दांभिक नाही, प्रामाणिक आहे. त्याचे म्हणणे बरोबर असेल तर आजारी सहधर्मचारिणीची हाक ऐकू न येणे ही गीतेची शिकवण ठरते. बरोबर नसेल तर त्याच्या उरलेल्या आयुष्याची साधना भलत्याच वाटेने चालली आहे. दोन्हीपैकी खरे काय, हे ठरवायचे तर त्याने ज्याचे नाव घेतले त्या कासवालाच विचारले पाहिजे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, अध्यात्माच्या विचारात प्राणिशास्त्र कशाला? त्याचे उत्तर आपल्या शास्त्रकारांनीच देऊन ठेवले आहे. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायात गौतम मुनींनी दृष्टान्ताची व्याख्या केली आहे. ज्या गोष्टीविषयी सामान्य माणसाची आणि परीक्षकाची समजूत सारखी असते, ती गोष्ट दृष्टान्त होय, असा तिचा आशय आहे. म्हणजे दृष्टान्त परीक्षकापुढेही टिकला पाहिजे. कासव आवडीने पाहणारे पोर आणि त्याची हाडे मोजणारा शास्त्रज्ञ, दोघांनाही गीतेच्या श्लोकाशी बोलण्याचा अधिकार आहे.

पोथी आणि परीक्षा यांचा असा मेळ मराठी माणसाला नवा नाही. तो पाहायचा तर महाराष्ट्राबाहेर, दूर दक्षिणेत, कावेरीच्या खोऱ्यातील तंजावूरला गेले पाहिजे. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापले. ते १८५५ पर्यंत चालले. त्या कुळातील दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला आणि राजाकडे किल्ला व भोवतालचा थोडा मुलूख उरला. हात-पाय पसरायला जागा उरली नव्हती, असे म्हणावे अशी स्थिती. पण त्या आखडलेल्या जागेत या राजाने जे केले ते पाहिले म्हणजे आवरून घेणे आणि निष्क्रिय होणे यांतला फरक लक्षात येतो. त्याने काशीपासून युरोपापर्यंतचे ग्रंथ जमवून सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. धन्वंतरी महालात औषधे सिद्ध करविली. डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे चित्रांसह लिहवून ठेवली, ती आजही तेथे आहेत. शरीरातील हाडांची रचना शिकता यावी म्हणून त्याने हस्तिदंताचा मानवी सांगाडा मिळविला होता. १८२६ साली बिशप हेबर तंजावूरला आला, तेव्हा हा हिंदू राजा बफों आणि लिनियस या निसर्गशास्त्रज्ञांचे दाखले सहज देतो हे पाहून तो चकित झाला. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये आपल्या कुळाचा इतिहास मराठीत कोरविणारा आणि सहकुटुंब काशीयात्रा करणारा तोच हा राजा. हाडे पाहिल्याने त्याची श्रद्धा बाटली नाही.

तंजावूरच्या परिसरात कासवाचे दर्शनही दुर्मीळ नाही. कावेरीच्या कालव्यांत, गावोगावच्या तळ्यांत आणि भाताच्या खाचरांत मऊ पाठीचे एक कासव राहते. तमिळ भाषेत कासवाला ‘आमै’ म्हणतात. या जातीच्या पाठीवर कठीण खवले नसतात. हाडांवर कातडी ताणून बसविलेली असते. मागच्या पायांच्या जागी तळाला कातडीच्या दोन झडपा असतात. पाय आत घेतले की त्या मिटतात. तळकवचाचा पुढचा भाग बिजागरीसारखा हलतो आणि डोके आत गेले की तोही वर येतो. उन्हाळ्यात पाणी आटले की हे कासव चिखलात स्वतःला पुरून घेते आणि पाणी येईपर्यंत तसेच राहते. श्लोकातला ‘सर्वशः’ हा शब्द डोळ्यांनी पाहायचा असेल तर या मुक्या जीवाइतके चांगले उदाहरण मिळणार नाही.

आता त्या कवचाकडे वळू. कासव आणि त्याचे कवच यांविषयी लोकांची सर्वसाधारण समजूत अशी की, गोगलगाईचा शंख किंवा योद्ध्याचे चिलखत असते तसे ते एक घर आहे आणि कासव त्यात राहते. चित्रांतून कवच उतरवून ठेवलेले कासवही दाखवितात. परीक्षक सांगतो की असे कासव जगात असू शकत नाही. कवच म्हणजे कासवाच्या बरगड्याच होत. पाठीचे कवच सुमारे पन्नास हाडांचे बनते. त्यांत मधोमध पाठीच्या कण्याचे मणके आणि दोन्ही बाजूंना रुंद होऊन एकमेकींना जुळलेल्या बरगड्या असतात. पोटाकडील तळकवच सामान्यतः नऊ हाडांचे असते. कासवाची कवटी जितकी त्याची स्वतःची, तितकेच हे कवचही. कासवाला कवचातून काढणे म्हणजे माणसाला त्याच्या छातीच्या पिंजऱ्यातून काढण्यासारखे आहे.

बहुतेक कासवांत या हाडांवर नखांच्या आणि शिंगांच्या द्रव्याचे खवले बसतात. पुष्कळ जातींत पाठीवर ३८ आणि पोटाकडे १२. खवल्यांच्या कडा आणि खालच्या हाडांचे सांधे एकावर एक येत नाहीत. गवंडी भिंत बांधताना खालच्या थराचा सांधा वरच्या विटेने झाकतो, त्यातलीच ही युक्ती आहे.

याहून आश्चर्याची गोष्ट आत आहे. माणूस, गाय, पक्षी, पाल या सर्वांत खांद्याचे हाड बरगड्यांच्या बाहेर असते. आपल्याच पाठीला हात लावून पाहावा. कासवात ते बरगड्यांच्या आत असते. हे कसे घडते, ते गर्भाची वाढ पाहून शास्त्रज्ञांनी शोधले आहे. कासवाच्या गर्भातही आरंभी बरगड्या इतर प्राण्यांप्रमाणेच फुटू लागतात. पण त्या छातीकडे खाली न वळता सरळ बाजूंना वाढत जातात. शरीराची भिंत आतल्या बाजूला दुमडते, बरगड्या खांद्याच्या वरून पुढे जातात आणि खांदा आपोआप त्यांच्या छायेत येतो. बाहेरची वस्तू आणून लावलेली नाही. जे सर्वांपाशी आहे त्याचीच दिशा बदलली आहे.

हे कवच बधिरही नाही. हाड जिवंत असते, त्यात रक्त खेळते. कवच फुटले तर ते वाहते आणि दिवस लागले तरी भरून येते. कवचाला संवेदना असते, पाठीवर बोट फिरविले तरी कासवाला ते कळते. आपल्या गृहस्थाने येथे क्षणभर थांबावे. कासव झालो म्हणून हाक ऐकू येत नाही असे तो म्हणतो. खऱ्या कासवाला मात्र पाठीवरचा स्पर्शही कळतो. ज्याला काही लागत नाही, काही कळत नाही, तो दगड झाला असेल, कासव झालेला नाही. देवळातले कासव दगडाचे असते एवढ्यावरून कोणाची फसगत होऊ नये.

कवचाची किंमतही कासवाने दिली आहे. आपण श्वास घेतो तेव्हा बरगड्या उचलल्या जातात आणि छाती फुलते. कासवाच्या बरगड्या एकमेकींना जखडलेल्या. त्या हलणार कशा? म्हणून पोटाच्या स्नायूंनी फुप्फुसे ताणण्याची आणि दाबण्याची निराळी व्यवस्था त्याच्या शरीरात झाली. कासव एकाएकी डोके आत घेते तेव्हा फुसकारल्यासारखा आवाज येतो. पुष्कळांना तो रागाचा वाटतो. वस्तुतः अवयव आत आले की फुप्फुसांना जागा उरत नाही आणि श्वास बाहेर ढकलला जातो. म्हणजे अंग पूर्ण आवरलेले असताना कासवाला मोकळा श्वासही घेता येत नाही. ते जन्मभर आत बसून राहण्यासाठी घडलेलेच नाही. आवरणे ही त्याची एका प्रसंगाची क्रिया आहे. दिवसाचा बहुतेक वेळ त्याचे पाय जमिनीवर किंवा पाण्यात चालत असतात.

वैदिक ऋषींचेही कासवाच्या या घडणीकडे लक्ष गेले होते. शतपथ ब्राह्मणाच्या सातव्या कांडात अग्निचयनाच्या प्रकरणी वेदीत कूर्म ठेवण्याचा विधी येतो. तेथे कासवाचे खालचे कपाल म्हणजे ही पृथ्वी, वरचे कपाल म्हणजे द्युलोक आणि मधला भाग म्हणजे अंतरिक्ष, असे सांगितले आहे. तेथेच ‘कूर्म’ शब्दाचा संबंध ‘करणे’ या धातूशी जोडला आहे आणि कूर्म तोच कश्यप, म्हणून सर्व प्रजा काश्यपी, असेही म्हटले आहे. देवालयाच्या पायात कूर्मशिला ठेवण्याची चाल आजही आहे.

दशावतारांत मत्स्यानंतर कूर्म आला, यावरून उत्क्रांतिवाद आपल्या पुराणांत आधीच होता असे अलीकडे पुष्कळदा ऐकू येते. तुलना मनोरंजक आहे. परंतु पुराणांचा हेतू भगवंताचे अवतरण सांगणे हा आहे, प्राण्यांची वंशावळ लावणे हा नाही. पुराणाला जे सांगायचेच नाही ते त्याच्या तोंडी घालून त्याचे मोठेपण वाढत नाही. ती वंशावळ दगडांत कोरलेली आहे, ती तेथेच वाचावी.

दगडांतल्या त्या लेखनाप्रमाणे कवच एका दिवसात आलेले नाही. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे २६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत युनोटोसॉरस नावाच्या प्राण्याचे अवशेष मिळाले आहेत. त्याला कवच नव्हते, पण बरगड्या विलक्षण रुंद होत्या. जर्मनीत सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीच्या पापोकेलिस या प्राण्यात रुंद बरगड्यांबरोबर पोटाकडील हाडेही दाट होऊ लागलेली दिसतात. चीनच्या ग्वेजौ प्रांतात सापडलेला आणि २००८ मध्ये जगापुढे आलेला ओडोंटोकेलिस सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या जबड्यात दात होते, पोटाखाली पुरे तळकवच होते, पाठीवर मात्र केवळ रुंद बरगड्या. पुढे सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रोगॅनोकेलिसमध्ये वरचे आणि खालचे अशी दोन्ही कवचे पूर्ण झाली. पहिल्या रुंद बरगडीपासून पुऱ्या कवचापर्यंत पाच कोटी वर्षे गेली.

येथे प्रश्न येतो की, पुरे कवच नसताना नुसत्या रुंद बरगड्यांचा उपयोग काय? त्या संरक्षण करीत नव्हत्या. उलट श्वासाला आणि चालीला अडथळाच. युनोटोसॉरसच्या हाडांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये असे मत मांडले की, हा प्राणी जमीन उकरणारा होता. पुढच्या पायांनी जोराने माती उकरायची तर धड स्थिर पाहिजे. रुंद बरगड्यांनी ते स्थैर्य दिले. म्हणजे पुढे जे शत्रूपासून संरक्षणाचे साधन झाले ते आरंभी कष्टाच्या कामातून आले. “आम्हां संसारी माणसांना इंद्रियसंयम कसला साधणार? तो संन्याशांचा प्रांत,” असे म्हणून जे हा श्लोक बाजूला ठेवतात, त्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा. पहाटे उठून कामाला लागणे, ठरल्या वेळी जेवणे, रागाचा शब्द ओठांवर येऊनही गिळणे, हिशोबात एका पैशाची लबाडी न करणे, आजाऱ्याजवळ रात्र काढणे: हे सर्व माती उकरण्यासारखेच काम आहे. त्याने धड स्थिर होते. सहाव्या अध्यायात मन आवरत नाही अशी तक्रार अर्जुनाने केली तेव्हा भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले आणि त्यांत अभ्यासाचे नाव आधी घेतले.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. कवच असणे आणि अवयव आत घेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या प्रोगॅनोकेलिसचे कवच पूर्ण होते त्याला मान आत घेता येत नव्हती. तिच्या रक्षणासाठी मानेवर काटे होते. आजही हेच दिसते. तंजावूरहून पूर्वेला नागपट्टणमच्या किनाऱ्यावर गेले तर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालायला येतात. मोठे, सुंदर कवच. पण समुद्रकासवाला डोके किंवा वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. त्याची घडण दूरवर पोहण्यासाठी आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही. तळ्यातले मऊ पाठीचे कासव आणि समुद्रातले कठीण पाठीचे कासव शेजारी ठेवून पाहिले, तर मऊ पाठीच्याला ‘सर्वशः’ साधते आणि कठीण पाठीच्याला साधत नाही. म्हणून भगवंतांनी श्लोकात कवचाचा उल्लेखच केलेला नाही! तेथे शब्द आहेत ते अवयवांचे आणि आवरण्याच्या क्रियेचे. कठोरपणाची स्तुती त्या श्लोकात शोधणाऱ्याला ती सापडणार नाही.

क्रियापदही पाहण्यासारखे आहे. भगवंतांनी ‘संहरते’ असे आत्मनेपदी रूप योजले आहे. हा धातू उभयपदी आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडे जाते तेव्हा आत्मनेपद वापरावे असा पाणिनीचा नियम आहे. अनुष्टुभाच्या सोयीसाठी हे रूप आले असे कोणी म्हणेल, आणि छंदाला ते सोयीचे आहे हे खरेही आहे. तथापि अर्थालाही ते शोभते. कासवाचे पाय दुसरा कोणी आत ढकलीत नाही. नवऱ्याने बायकोची, सासूने सुनेची, बापाने मुलाची इंद्रिये आवरायला निघावे, याला या श्लोकात आधार नाही.

मग कासव अवयव आवरते ते कशासाठी? श्रीशंकराचार्यांनी भाष्यात भयामुळे असे म्हटले आहे. सामान्य माणसाच्या पाहण्यात तेच येते. चाहूल लागली की कासव आत जाते. बौद्धांच्या संयुत्तनिकायात याच दृष्टान्ताची गोष्ट केली आहे. कासवाने चार पाय आणि पाचवी मान आत घेतली, तरी कोल्हा निघून जात नाही. एखादा अवयव बाहेर येईल या आशेने तो शेजारीच बसून राहतो. तमिळ देशाच्या तिरुक्कुरळातही पाचांना कासवासारखे आवरणाऱ्याची थोरवी सांगितली आहे. कावेरीकाठच्या मराठी कुटुंबांत गीता आणि कुरळ दोन्ही कानांवर पडत वाढलेल्या मुलांना हा दृष्टान्त दोन भाषांत भेटतो. चार पाय आणि मान मिळून पाच. शेपटी धरली तर सहा. गीतेनेही पंधराव्या अध्यायात मनाला सहावे इंद्रिय म्हटलेच आहे, असा विनोद एखाद्या पुराणिकाने केला तर तो मानून घ्यावा.

या सहाव्यापाशीच खरी अडचण आहे. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी प्लॅटिकेलिस या ज्युरासिक काळातील, म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाच्या मानेची हाडे तपासली. त्याला मान थोडीशीच आत घेता येत होती. डोके कवचात लपविण्याइतकी नाही. तेव्हा मान मागे घेण्याची ही शक्ती आरंभी संरक्षणासाठी नसून भक्ष्यावर वेगाने झडप घालण्यासाठी आली असावी, असे अनुमान त्यांनी काढले. तंजावूरच्या तळ्यातले आमैसुद्धा मासा टिपताना मान आखडते आणि एकदम पुढे फेकते. बाहेरून दोन्ही कृती सारख्याच: मान मागे गेली. एक निवृत्तीची, दुसरी नेम धरल्याची.

गीतेला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तिसऱ्या अध्यायात, कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचेच स्मरण करीत बसणाऱ्याला भगवंतांनी मिथ्याचारी म्हटले आहे. एवढे दूर जाण्याचेही कारण नाही. कासवाच्या श्लोकाला लागूनच एकोणसाठावा श्लोक आहे. आहार सोडलेल्या माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनानेच निवते, असा त्याचा भाव. अठ्ठावन्न वाचून पोथी मिटली तर अर्धाच अर्थ हाती लागतो. आपल्या गृहस्थाने संसारातून मान मागे घेतली हे सर्वांना दिसते. ती नामस्मरणासाठी घेतली, की मानासाठी, निवांतपणासाठी, कटकटीतून सुटण्यासाठी, हे त्याचे त्यालाच पाहता येईल. पत्नीच्या हाकेने मनात काय उठते, हे त्याने एकदा तपासावे. करुणा उठली तर इंद्रिये ठिकाणावर आहेत. माळ थांबली म्हणून चीड उठली तर शांततेची गोडी हाही एक विषयच होता आणि मान त्याच्यावर नेम धरून बसली होती.

याच ठिकाणी ज्ञानेश्वर महाराजांची दृष्टी आचार्यांच्या भाष्याहून निराळी दिसते, आणि मराठी वाचकाने ती अवश्य लक्षात घ्यावी. १२९० मध्ये नेवाशाला पूर्ण झालेल्या भावार्थदीपिकेत या श्लोकावर बोलताना महाराजांनी भयाचे नावही घेतलेले नाही. कासव प्रसन्न असते तेव्हा अवयव पसरते आणि इच्छा होईल तेव्हा आवरते, असा त्यांचा आशय आहे. संस्कृत श्लोकात पसरण्याचा उल्लेख नाही. तो महाराजांनी घातला आणि आवरण्याच्या आधी घातला. ज्याची इंद्रिये त्याने सांगितलेले ऐकतात, त्याला ती पसरण्याचे भय उरत नाही. आचार्यांनी बाहेरचा प्रसंग सांगितला, महाराजांनी आतली सत्ता सांगितली.

त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात, अहिंसेचे वर्णन करताना, कासव पुन्हा येते. कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीने वाढविते अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे आणि संतांनी कृपादृष्टीसाठी हा दाखला पुष्कळदा दिला आहे. परीक्षक येथे सहमत होणार नाही. कासवी वाळूत अंडी पुरते आणि निघून जाते. पिले उबेने आपोआप बाहेर येतात आणि एकटीच पाण्याकडे धावतात. परंतु महाराजांचे वाक्य नीट वाचावे. ज्ञानी पुरुषाच्या अवलोकनात जे वात्सल्य असते ते कासवीलाही ठाऊक नसते, असे ते म्हणतात. परीक्षकाला यात खोडून काढण्यासारखे काही उरत नाही! ज्या ग्रंथकाराने इंद्रिये आवरणारे कासव वर्णिले, त्यानेच ज्ञान्याच्या डोळ्यांतली माया कासवीच्याही पलीकडची आहे असे सांगितले. इंद्रिये आवरलेल्या माणसाची दृष्टी घरच्यांना कशी लागावी, हे ठरविताना दोन्ही अध्याय एकत्र वाचले पाहिजेत.

येथेच एक गोष्ट सांगून टाकणे आवश्यक आहे. या दृष्टान्ताच्या किंवा वास्तूच्या नावाखाली जिवंत कासव, विशेषतः पाठीवर तारे असलेले, घरात काचेच्या भांड्यात पाळण्याची चाल शहरांतून दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि इंद्रिये आवरण्याची आठवण राहावी म्हणून दुसऱ्या जीवाचे पाय काचेत कोंडणे हा काय धर्म झाला? घरात खूण हवीच असेल तर पितळेची ठेवावी.

शेवटी अर्जुनाच्या मूळ प्रश्नाकडे. त्याने चोपन्नाव्या श्लोकात स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो आणि कसा चालतो असे विचारले होते. मधुसूदन सरस्वतींनी आपल्या टीकेत या प्रश्नांची उत्तरे वाटून दाखविली आहेत. कासवाच्या श्लोकापासूनचे सहा श्लोक ‘कसा बसतो’ याचे उत्तर होत. ‘कसा चालतो’ याचे उत्तर चौसष्टाव्या श्लोकापासून सुरू होते. तेथे रागद्वेषांपासून सुटलेल्या आणि आपल्या ताब्यात असलेल्या इंद्रियांनी विषयांत वावरणाऱ्याला प्रसन्नता लाभते असे म्हटले आहे. वावरणारा असे म्हटले आहे, पळालेला असे नव्हे. गृहस्थाचा दिवस बसण्यात थोडा आणि चालण्यात फार जातो, म्हणून हा भाग त्याने अधिक वेळा वाचावा. पुढे अडुसष्टाव्या श्लोकात भगवंत पुन्हा इंद्रियनिग्रहावर येतात. ‘सर्वशः’ हा शब्द तेथे परत येतो आणि श्लोकाचा शेवटचा चरणही कासवाच्या श्लोकातलाच येतो. कासव मात्र तेथे नाही. मधल्या श्लोकांत चालण्याचा विषय येऊन गेलेला आहे.